पहिलं पाणी परक्याला

“कोरडी ठेवू नका हिला, अम्मा. कोरडी राहिली तं फाटती. अन् पहिलं पाणी आपण प्यायचं न्हाई.”

हा आवाज चांदपाशाचा. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या चांदपाशाचा. त्याला चव्वेचाळीस वर्षं होऊन गेली. मला कान नाहीत, तोंड तेवढं आहे. तरी तो आवाज माझ्या शिवणीत बसून राहिला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी छागळ आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. मी म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. एका कोपऱ्याला तोंड, तोंडात लाकडी बूच, वर धरायला दांडी आणि टांगायला दोरी. मी थोडी थोडी पाझरते आणि अंगाला वारा लागला की पोटातलं पाणी गार होतं. लोक म्हणतात, छागळ गळते. पण पाझरणं हा माझा दोष नव्हे, तो माझा धंदा आहे.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. दुष्काळी कामावरच्या तंबूंचं कापड उरलं, त्यातून चांदपाशानं मला बेतलं आणि दोन ओळी टाके घालून कमलम्माच्या हातात दिलं. कमलम्मा तेव्हा वीस वर्षांची, नुकती लग्न होऊन निलंग्याकडून आलेली. गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी, हातात खडी फोडायची हातोडी. नवरा शंकरप्पाही त्याच कामावर. गावाबाहेरच्या दगडखाणीत दिवसभर दगड फोडायचे आणि वर ऊन असं की हातोडीचा दांडाही हातात धरवत नसे.

आता चांदपाशा जे बोलला, त्याचा अर्थ एवढाच होता की नव्या कापडाला खळ असते. पहिल्या दिवशीच्या पाण्याला खळीचा वास येतो, ते पिऊ नये, ओतून द्यावं. पण कमलम्मा पडली देवभोळी, आणि दुष्काळात पाणी ओतून द्यायचं ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरण्यासारखीच नव्हती. ती समजली की पहिलं पाणी आपण प्यायचं नाही म्हणजे आधी दुसऱ्याला पाजायचं. तिनं तिथल्या तिथं डोळे मिटले, गळ्यातली डबी कपाळाला लावली आणि नेम धरला की या छागळीतलं पहिलं पाणी रोज परक्याच्या तोंडात जाईल, मग माझ्या.

त्या दिवशी खाणीत ती शेजारी खडी फोडणाऱ्या साखराबाईकडे गेली. ओळखदेख काही नव्हती. साखराबाईनं ओंजळ धरली, घटाघटा पाणी प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “तुला लई पुण्य लागंल गं बाई. पण पाणी लई वंगाळ लागतंय.”

असं माझ्या पाण्यातलं पहिलं पुण्य खळीच्या चवीचं निघालं. ही चूक मी कधी कोणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगते आहे. खळीतून का होईना, व्रत निघालं ना? मग झालं.

व्रताचे नियम कमलम्मानं स्वतःच ठरवले. सकाळी शिवाची पूजा. मग माझ्यातलं पाणी एका परक्या जिवाला. माणूस असो, जनावर असो, पण त्यानं आपल्या तोंडानं प्यायला हवं. घरच्याला, ओळखीच्याला पाजलेलं मोजायचं नाही. ते होईपर्यंत आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि माझं नशीब उघडलं. शंकरप्पाला सरकारी जीपवर ड्रायव्हरची नोकरी लागली. मी जीपच्या पुढच्या बाजूला, दिव्याशेजारी टांगलेली असे. जिल्हा नवा, जीप नवी, साहेब नवे, मीच तेवढी जुनी. कोणत्याही गावात साहेबांच्या आधी मी पोहोचत असे, कारण मी पुढे होते आणि ते मागे. गर्व करू नये, पण साहेब खाली उतरले की पहिला हात माझ्याकडे येई.

एकदा एक म्हातारे गृहस्थ तासभर जीपजवळ उभे होते. शेवटी शंकरप्पाला म्हणाले, “जिल्हा आला म्हणतेत. उतरला कुठं पण?”

शंकरप्पानं माझं बूच काढलं. “घ्या बाबा. हे जिल्ह्याचं पाणी.”

म्हातारबाबा प्यायले, मिशा पुसल्या आणि जरा विचार करून म्हणाले, “तालुक्यासारखंच लागतंय.”

मग फ्रिज आला. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. शंकरप्पा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी शिवाघरी गेले. कमलम्मा व्रत सोडणारी नव्हती. ती रोज सकाळी माझ्यात तांब्याभर पाणी ओती, दारावरून जाणाऱ्या कोणा परक्याला पाजी आणि मला पुन्हा दारामागच्या खिळ्याला अडकवी. व्रत चालू होतं, पण ते पाच मिनिटांचं. उरलेला दिवस मी भिंतीकडे तोंड करून. एकदा तर मुलानं, वीरभद्रनं, माझ्यात लसूण ठेवला. तो दिवस मी आठवत नाही. म्हणजे आठवतो, पण सांगत नाही.

वीरभद्र डाळमिलमध्ये कामाला. त्याची बायको महादेवी शाळेत खेळाची शिक्षिका. ही पोर म्हणजे वेगळंच प्रकरण. कॉलेजात असताना तिनं हाती रायफल धरली आणि तेव्हापासून तिचा नेमबाजीचा नाद सुटला नाही. गावाबाहेरच्या खाणीत, जिथं कमलम्मानं खडी फोडली त्याच खाणीत, आता नेमबाजीची रेंज झाली होती. महादेवी दर रविवारी पहाटे तिथं जाई. घरी लाकडी पिस्तूल घेऊन भिंतीवर चिकटवलेल्या गोलावर सराव करी. ती लाकडी पिस्तूल उचलायची आणि सासू तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. आठ वर्षं असं चाललं होतं. आम्ही दोघी, मी आणि कमलम्मा, भिंतीकडे बघण्यात पटाईत झालो होतो.

महादेवी रागावत नसे. फक्त एकदा, दळण निवडताना, ती वीरभद्रला हळूच म्हणाली होती, “मेडल मिळो न मिळो. आत्याबाईंनी एकदा यावं अन् बघावं, एवढंच वाटतं.” ते मी ऐकलं होतं.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. लातूरच्या नळाला दहा-दहा दिवस पाणी नव्हतं. टँकर आला की गल्लीतल्या घागरी आपापसात भांडत. महादेवी दोन्ही हातांत दोन बादल्या आणि कोपरात एक कळशी अडकवून तीन गल्ल्या चालून येई आणि थेंब सांडत नसे. सांडणारीला गल्ली नावं ठेवी. आणि नेमकं त्याच एप्रिलात तिला थायलंडच्या स्पर्धेचं बोलावणं आलं.

मित्रांनो, ही स्पर्धा म्हणजे एका जागी उभं राहून नेम धरायचा खेळ नव्हे. त्यात बारा टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला वेगळी मांडणी. कुठं धावायचं, कुठं भिंतीआडून वाकायचं, कुठं खिडकीतून डोकवायचं. पुठ्ठ्याची माणसं आणि लोखंडी ताटल्या उभ्या असतात, त्यांवर नेम धरायचा. मधेच पांढरे पुठ्ठे असतात, त्यांना लावायचं नाही. नेमाचे गुण आणि वेळेचा हिशेब दोन्ही बघतात. पिस्तूल तिथलीच मंडळी देतात. आणि पिस्तुलाचं तोंड चुकून मागं वळलं, तर घरी.

महादेवीनं सासूला सांगितलं तेव्हा कमलम्मा जोंधळे पाखडत होती. ती कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

“परमुलखात जाऊन गोळ्या घालणार?”

“पुठ्ठ्याला, आत्याबाई.”

“हात तर तोच ना.” कमलम्मानं सूप खाली ठेवलं. मग उठून तिनं मला खिळ्यावरून काढलं. “मी सांगते ते ऐक. ज्या हातात बंदूक धरशील, त्या हातानं रोज एका परक्याला पाणी पाजायचं. पाजल्याबिगर आपल्या तोंडात थेंब घालायचा न्हाई. किती दिवसांचं जाणं हाय?”

“नऊ.”

“नऊ दिवस नेम मोडला न्हाई, तर मी स्वतः खाणीत येऊन तुझा नेम बघंन. मोडला, तर बंदुकीचं नाव या घरात काढायचं न्हाई.”

महादेवीनं वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी मला घेतलं. माझं म्हणाल तर मी चौसष्ट वर्षांच्या बाईच्या खिळ्यावरून एकदम परदेशी निघाले होते. मी जराशी जास्तच पाझरले.

हैदराबादच्या विमानतळावर माझं पोट चाचपलं गेलं. आत पाणी घेऊन जायचं नाही, ओतून द्या, असं तिथला शिपाई म्हणाला. ओतून द्या! लातूरच्या बाईला! महादेवीनं इकडंतिकडं पाहिलं. एक सफाईवाली बाई फरशी पुसत होती. ती प्यायली, महादेवी प्यायली, आणि पहिला दिवस पार पडला. बरोबर पंचशीला होती. ती नांदेडची, पोलिसात नाईक, आणि स्पर्धेला दोघी मिळूनच निघाल्या होत्या. पंचशीलाला व्रताचं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “आस्सं. म्हणजे आपण तिघी चाललो म्हण की.” तेव्हापासून ती मला तिसरी म्हणू लागली. आवडली मला ती.

थायलंडात उतरलो आणि मी जे पाहिलं त्यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. तिथं त्यांच्या नव्या वर्षाचा सण चालू होता. सण कसा, तर लोक रस्त्यावर उभं राहून एकमेकांवर पाणी फेकत होते. बादल्यांनी. पाइपांनी. टेम्पोत भरलेल्या पिंपांनी. म्हातारे, बायका, दुकानदार, सगळे चिंब आणि सगळे हसतमुख. त्या वर्षी तिथंही पाऊस रुसला होता, म्हणून सण आखडता घेतला आहे, असं हॉटेलवाली सांगत होती. आखडता असा, तर पुरता कसा असेल, शिव जाणे.

महादेवी फुटपाथवर उभी राहून नुसती बघत राहिली. मग तिनं घरी फोन लावला. त्याच आठवड्यात लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. वीरभद्र सांगत होता की लोक गाडी बघायला गेले होते. मागून कमलम्माचा आवाज आला, “तिथं काय चाललंय म्हणावं?”

“पाणी फेकायलेत, आत्याबाई. एकमेकांच्या अंगावर.”

मग कमलम्मा शांतपणे म्हणाली, “नेम चालू असताना खोटं बोलू नये, पोरी.”

आता तुम्ही म्हणाल, जिथं एवढं पाणी तिथं व्रताला काय अडचण? अहो, तीच तर अडचण. तहान कुणाला होती? महादेवीनं पहिल्याच सकाळी एका म्हाताऱ्या आजींपुढं मला धरलं. आजींना केवढा आनंद झाला. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटून काही पुटपुटल्या आणि माझ्यातलं सगळं पाणी महादेवीच्या डोक्यावर हळूच ओतलं. तो त्यांचा आशीर्वाद होता. मग एका फुलवाल्यापुढं धरलं. त्यानंही आशीर्वाद दिला. एका रिक्षावाल्यानं दिला. अकरा वाजेपर्यंत महादेवी आशीर्वादानं निथळत होती आणि तिचा घसा कोरडा होता.

“मला पाज,” पंचशीला म्हणाली. “मी तहानलेली हाय.”

“तू ओळखीची.”

“मग ओळख मोडू आपण. तू कोण गं बाई? कुठली? लातूरची? लातूरचे लोक मला आवडत न्हाईत.”

महादेवीला हसू आलं, पण तिनं पाजलं नाही. शेवटी हॉटेलच्या बोळात एक पिवळा कुत्रा भेटला. सगळ्या गावात सणाला न भिजलेला तो एकटाच होता. महादेवीनं ओंजळीत पाणी धरलं आणि तो चपचप प्यायला. संध्याकाळी फोनवर कमलम्मानं विचारलं, “आज कुणाला?”

“कुत्र्याला.”

“बरं. त्यालाबी जीव हाय.”

तेव्हापासून कुत्रा रोज सकाळी सातला बोळात हजर. पंचशीलानं त्याचं नाव साहेब ठेवलं. तो आयतं पाणी प्यायला वेळेवर येतो आणि पिऊन झालं की ओळख देत नाही, म्हणाली. “ओळख देत न्हाई म्हणजे परकाच. तुझं व्रत बसतंय बरोबर.” साहेबांच्या कृपेनं सहा दिवस निघाले. स्पर्धेचा पहिला दिवसही निघाला. सहा टप्पे झाले आणि संध्याकाळी बोर्डावर नावं लागली. बायकांमध्ये महादेवी तिसरी.

तिसरी! पंचशीलानं तीन वेळा बोर्ड वाचला. मग मला उचलून मला वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे व्रताच्या आठव्या दिवशी, बस पहाटे पाचलाच निघाली. बोळात साहेब नव्हते. साहेब मंडळी कुठं पाचला उठतात? महादेवीनं मला तुडुंब भरून घेतलं आणि म्हणाली, “रेंजवर मिळेल कुणी तरी.”

रेंजवर मिळालं नाही. तिथं प्रत्येक खेळाडूच्या कमरेला स्वतःची बाटली, आणि पंचांच्या माणसांजवळ पाण्याचे जार. महादेवी ज्याच्यापुढं मला धरी, तो हसून आपली बाटली वर करून दाखवी. एका उंच गोऱ्या बाईनं मला वास घेऊन पाहिलं. मी काही बोलले नाही. लसणाची गोष्ट जुनी झाली आहे.

त्यातच पंचांची नजर माझ्यावर पडली. पंच म्हणजे बुटका, काळा चष्मा लावलेला, खणखणीत आवाजाचा माणूस. दिवसभर उन्हात उभं राहून तो हुकूम देत होता आणि सगळे त्याला टरकून होते, कारण तो बोट दाखवेल तो घरी जात होता. मी पाझरून जमिनीवर ओल केली होती. त्यानं त्या ओलीकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं, मग लांबच्या छपराकडं. मला बोटानं घरी धाडलं नाही, एवढीच कृपा. महादेवीनं मला छपराच्या खिळ्याला टांगलं. परदेशातही खिळा सुटला नाही. मात्र या खिळ्यावरून सगळं दिसत होतं.

सातवा, आठवा, नववा, दहावा. ऊन चढलं. महादेवीच्या ओठांना पापुद्रे आले. ती दर टप्प्यानंतर छपराकडे येई, माझ्यावर हात ठेवी, गार ओल तळव्याला लागे, आणि तोच तळवा ती कपाळावरून फिरवी. पिण्याचं नाव नाही.

“दोन टप्पे राहिले,” पंचशीला म्हणाली. आता ती चेष्टा करत नव्हती. “चक्कर येऊन पडशील. हातात पिस्तूल राहतं, महादेवी. घे दोन घोट. तुझ्या सासूला इथून दिसायलंय का?”

“तिला न्हाई दिसत.” महादेवीनं माझ्याकडं पाहिलं. “हिला दिसतं.”

मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, आपली शिवण उसवावी आणि सगळं पाणी तिच्या तोंडावर सोडावं. पण चांदपाशानं टाके दोन ओळींचे घातले होते.

अकरावा टप्पा सणाचा होता. मांडणाऱ्यांनी गंमत केली होती. खेळाडूनं डाव्या हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन उभं राहायचं, यंत्राची शिटी वाजली की सणासारखं पाणी फेकून द्यायचं, बादली टाकायची आणि मग पिस्तूल काढून पळायचं. बादली कशीही टाका, कुठंही टाका, त्याला नियम नाही; टाकलीच नाही तर काय, तेही कुणी लिहिलं नव्हतं. पाच जागांवरून चोवीस नेम. सकाळपासून तीस-पस्तीस खेळाडूंनी पाणी फेकलं होतं, त्यामुळं सुरुवातीची जागा पार राडा झाली होती. भरायचं पिंप दुपारीच संपलं. मग पंचांच्या माणसांनी आपल्या पिण्याच्या पाण्याचे जार बादलीत ओतायला सुरुवात केली. महादेवीच्या बादलीत शेवटचा जार गेला. हे मी खिळ्यावरून बघत होते, आणि महादेवीही बघत होती.

शिटी वाजली.

महादेवीनं हात मागं नेला. आणि तो हात उघडलाच नाही. मी तिचा चेहरा पाहिला. ती फेकू बघत होती हो. पण तीन गल्ल्या पाणी वाहिलेला हात तो. पिण्याचं पाणी मातीत फेक, असं त्याला कसं सांगायचं? ती खाली ठेवायला वाकली, तर खाली राडा आणि उतार. बादली कलंडली असती.

पंचशीला छपराखालून ओरडली, “टाक की गं!”

महादेवीनं टाकली नाही. ती बादली घेऊनच निघाली.

उजव्या हातात पिस्तूल, डाव्या हातात तुडुंब बादली. पहिली खिडकी, चार नेम. वळसा घालून भिंत, सहा नेम. ती धावत नव्हती, टँकरवरून घरी येतात तशी झपझप चालत होती, खांदे स्थिर, मान ताठ. पिस्तुलाचं तोंड सरळ पुढं. पंच तिच्या मागं मागं, गळ्याच्या शिरा ताणून, तिनं एक चूक करायची वाट बघत. मधे गोळ्यांची पट्टी बदलायची वेळ आली. त्याला दोन हात लागतात. महादेवीनं बादलीची कडी सर्रकन कोपरात सरकवली, आपल्याकडे कळशी अडकवतात तशी, पट्टी बदलली आणि कडी पुन्हा मुठीत घेतली. बादलीतलं पाणी एकदा हललं आणि आपली चूक कळल्यासारखं गप्प झालं.

चोवीसपैकी बावीस लागले. पांढऱ्या पुठ्ठ्याला एकही नाही. थेंब एक सांडला, तो तिच्याच पायावर. पण वेळ? दुसऱ्या बायकांनी वीस-बावीस सेकंद घेतले होते. महादेवीनं एक्कावन्न. पिस्तूल रिकामं करून दाखवल्यावर ती तिथंच उभी राहिली, हातात भरलेली बादली आणि चेहऱ्यावर हे आता कुठं ठेवू असं विचारणारा भाव. मग तिनं सपाट जागा शोधली, बादली अलगद टेकवली आणि वर आपली टोपी झाकण म्हणून ठेवली. धूळ पडू नये म्हणून.

पंचानं काळा चष्मा काढला. बादलीकडं पाहिलं. त्याला विचारायचं होतं, पण घशातून नुसती खरखर आली. दिवसभर ओरडून आवाज बसला होता आणि पिण्याचे जार तर बादल्यांतून मातीत गेले होते. नवं पाणी घेऊन येणारी गाडी अजून अर्ध्या तासावर होती.

पंचशीला धावत आली आणि पोलिसी इंग्रजीत समजावू लागली. “हर टाउन, नो वॉटर. वॉटर कमिंग बाय ट्रेन. ट्रेन! झुक झुक. शी कॅनॉट थ्रो. हँड नॉट ओपनिंग.”

तो माणूस हसला नाही. त्यानं महादेवीच्या डाव्या मुठीकडं बघितलं. कडीचा लाल वळ तळव्यावर उठला होता. मग तो हळूहळू छपरापर्यंत चालत आला. माझ्यासमोर उभा राहिला. ज्या बोटानं मला बाहेर घालवलं होतं, ते बोट त्यानं माझ्या ओल्या पोटाला लावून पाहिलं. आणि महादेवीकडं वळून, थेट आपल्या खाणीतल्या साखराबाईसारखी, दोन्ही हातांची ओंजळ केली.

महादेवीनं बूच काढलं. पिस्तुलाच्या हातानंच तिनं मला तिरपं केलं. तो किती तरी वेळ प्यायला. त्याच्या मागं त्याचे तिघे मदतनीस, झेंडेवाला, गुण लिहिणारी मुलगी, सगळे ओंजळी करून उभे राहिले. मी त्या जीपवर होते तेव्हाही मला एवढी रांग लागली नव्हती. शेवटी माझ्यात दोन घोट उरले. ते महादेवी प्यायली, उभ्यानंच, डोळे मिटून.

बारावा टप्पा तिनं नीट पार पाडला, पण अकराव्यात गेलेली वेळ भरून आली नाही. संध्याकाळी बोर्डावर ती सातवी होती.

पंचशीलानं बोर्ड एकदाच वाचला. “दुसऱ्यांचं पाण्यात जातं,” ती म्हणाली. “तुझं मेडल पाणी वाचवण्यात गेलं. आता सासूला काय सांगणार?”

“आठवा दिवस झाला, एवढं सांगन.”

नवव्या दिवशी परत निघताना सातला बोळात गेलो. साहेब हजर होते.

लातूरच्या घरी आलो तेव्हा कमलम्मा दारातच बसली होती. मेडल विचारलं नाही. “किती दिवस?” म्हणाली.

“नऊ.”

“मोडला?”

“न्हाई.” महादेवीनं एकेक दिवस सांगितला. सफाईवाली बाई, मग साहेब, साहेब, साहेब, मग पंच, शेवटी पुन्हा साहेब. बादलीचंही सांगितलं, मान खाली घालून, चूक कबूल करावी तसं. कमलम्मानं मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं, शिवण चाचपली आणि खिळ्याला लावलं. मला वाटलं, विसरली ती. महादेवीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पुन्हा विषय काढला नाही. शनिवारी रात्रीच्या भाकरी थापतानाही नाही. रविवारी पहाटे ती नेहमीसारखी पिशवी खांद्याला लावून एकटीच खाणीकडं गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात दारामागं माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल. आम्हाला पुसून कपाटात मांडू नका, त्यानं काही होत नाही. आम्हाला कामाला लावा. कोरडी राहिली तं फाटती, असं चांदपाशा म्हणाला होता, आणि ते काही नुसत्या छागळीचं नव्हतं. आणि लसूण ठेवायला दुसरं काही तरी बघा.

त्या रविवारी महादेवी गेल्यावर कमलम्मानं पूजा केली. डबी कपाळाला लावली. मग रांजणात वाकून बघितलं. तळाला दोन तांबे होते. तिनं ते दोन्ही माझ्यात ओतले, बूच घट्ट बसवलं आणि मला खांद्याला लावलं. वीरभद्र अंथरुणातून म्हणाला, “कुठं निघालीस गं अव्वा?”

“हितंच,” कमलम्मा म्हणाली.

दारावरून एक अनोळखी भंगारवाला सायकल ढकलत चालला होता. तिनं त्याला थांबवून पाणी पाजलं, मग स्वतः दोन घोट घेतले. पायात चपला सरकवल्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हातोडी घेऊन जायची ती वाट तिला कुणाला विचारावी लागली नाही. पदर डोक्यावर नीट ओढून ती खाणीच्या दिशेनं चालू लागली, हळूहळू, मला एका हातानं धरून, सांडू न देता.